गंजलेल्या टाचण्या

माणसं बारीक व्हायला लागली आणि आमचं दुकान चालायला लागलं. त्याआधी बंद होतं असं नाही, पण रखडत होतं. नवे कपडे शिवून घेणारं गिऱ्हाईक तयार मालाच्या दुकानांनी कधीच पळवलं होतं. आमच्या वाट्याला उरलं होतं चेन बदलणं, पँटचे पाय आखूड करणं, फाटलेल्या खिशांना नवं अस्तर लावणं. मग ती आठवड्याची सुई आली. आधी साखरेच्या आजारासाठी, मग नुसतं बारीक होण्यासाठी, आणि बघता बघता आमच्या दारात लोक उभे राहायला लागले. कंबर आत घ्या, खांदे आत घ्या, दंड आत घ्या. महिन्याभराने तेच गिऱ्हाईक तोच कपडा घेऊन पुन्हा हजर, आणखी आत घ्या म्हणून. नवं शिवायला मला कधी कंटाळा आला नाही, पण आपणच मारलेली टीप आपणच उसवायची, याचा मात्र वीट येतो. मान आखडते, डोळे चुरचुरतात आणि समोरची बाई आरशात वळून वळून बघत विचारते, "छान दिसतेय ना हो?" छान म्हणावंच लागतं.

दुकान आम्हा दोघींचं, म्हणजे माझं आणि माझ्या मोठ्या जावेचं. त्यांना मी वहिनी म्हणते, त्या मला धाकटे म्हणतात. थोरले दीर गेल्यापासून त्या आमच्याच घरात, वरच्या खोलीत राहतात. त्यांची लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, तिचा फोन येतो. आमचे हे पाण्याच्या पंपावर पाळीने कामाला, आले की झोपतात, उठले की जातात. म्हणजे खरं सांगायचं तर माझा संसार झाला तो जावेबरोबरच. दोन मशिनं, मध्ये कापायचं टेबल, खिडकीत सुकत चाललेली एक कुंडी, कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा लावून केलेली अडचणीची जागा. रोज भांडायचं, रोज एकत्र जेवायचं. कुणी म्हणालं तुमचं पटत नाही वाटतं, तर दोघी मिळून त्याच्यावर तुटून पडायचं.

साखर आम्हा दोघींना. रक्ताचं नातं नाही, दोघी परक्या घरांतून आलेल्या, तरी आजार मात्र सख्ख्या बहिणींसारखा एकच. दिवसभर बसून काम, त्यात चहाबरोबर बिस्किटं. माझ्या पायाची बोटं तर बधिर व्हायला लागली होती. डॉक्टरबाईंनी दोघींना एकाच दिवशी ती सुई लिहून दिली. त्याआधी त्यांनी पुष्कळ विचारलं, घरात कुणाला गळ्याच्या गाठीचा आजार होता का, पोटाचं काही दुखणं आहे का. वहिनींच्या आईला कॅन्सर झाला होता, पण तो स्तनाचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, मग हरकत नाही.

वहिनींची मात्र हरकत होती. "गोळ्या बऱ्या आहेत की माझ्या. पोटात सुया कशाला?" मी हट्टच धरला. माझ्या वडिलांचा पाय याच आजाराने गेलेला मी पाहिलेला. मी ओरडले, रुसले, दोन दिवस मशिनवर पाठ करून बसले. शेवटी म्हणाल्या, "बरं बाई, घेते. तुझं तोंड तरी बंद होईल."

रविवारी आम्ही दुपारी दुकान बंद करतो. शटर अर्धं खाली ओढायचं आणि सुई घ्यायची, असा आमचा नेम ठरला. मी तिथेच टेबलापाशी कुडतं वर करायची, औषध भरलेलं सुईचं पेन पोटाला टेकवायचं, खटका दाबायचा, झालं. वहिनी मात्र पडद्याआड जायच्या. जन्मभर गावच्या बायकांची मापं घेतली, पण स्वतःचं पोट जावेला दाखवायचं म्हटलं की लाजून चूर. मी बाहेरून विचारायची, "झालं?" आतून उत्तर यायचं, "झालं." मग वापरलेल्या सुया आणि रिकामी पेनं मी पत्र्याच्या डब्यात टाकायची. डबा भरला की दवाखान्यात नेऊन द्यायचं काम माझं, कारण घरात कुठलंही किचकट काम असलं की ते माझंच असतं.

सुरुवातीला दोघींना मळमळलं. अन्नाचा वास नको वाटायचा. मग सवय झाली आणि दोघींचं वजन उतरायला लागलं. माझं थोडं उतरलं आणि थांबलं. वहिनींचं थांबेना. गालांची हाडं दिसायला लागली, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. मला हेवा वाटायचा, का नाही वाटणार? घर एक, चूल एक, सुई एक. मी तशीच आडवी आणि या बघा, वाऱ्यावर डोलतायत.

गिऱ्हाइकांना तर नवल. "अहो, तुम्ही तर मुलीसारख्या दिसायला लागलात!" असं कुणी म्हटलं की वहिनी मान खाली घालून दोरा दातांनी तोडायच्या आणि हसायच्या. आम्हीच आमची जाहिरात झालो होतो. त्यांचा निळा झगा मी इतक्या वेळा आत घेतला की शेवटी म्हटलं, वहिनी, आता नवाच शिवते, यात कापडापेक्षा शिलाई जास्त झाली. "राहू दे," म्हणाल्या, "अजून उतरलं तर?" दोघी हसलो.

दर खेपेला डॉक्टरबाई त्यांना काट्यावर उभं करायच्या. "वजन उत्तम. पण साखर का चढतेय?" वहिनी काट्यावरून उतरून चपला घालायला लागायच्या. मीच बोलायची, "चोरून गोड खात असतील, आणखी काय." त्यावर घरी परतताना रस्ताभर भांडण. डॉक्टरबाईंनी सुईची मात्रा वाढवली, मग आणखी वाढवली. वहिनींना थकवा यायचा, दुपारी टेबलावर डोकं टेकून पडायच्या. पाठ दुखते म्हणायच्या. मशिनवर बसणाऱ्या कुठल्या बाईची पाठ दुखत नाही? मी त्यांना माझा पट्टा दिला आणि म्हटलं, बांधा.

मग तो पांढरा कोट आला.

कोट एका बँकेतल्या बाईंचा. त्याही सुईवाल्याच. महागाचं, मऊ, दुधासारखं पांढरं कापड. पडद्याआड उभं करून वहिनींनी टाचण्या लावल्या, बाई म्हणाल्या, टाचण्या तशाच राहू द्या, उद्या येऊन पुन्हा घालून बघते, मगच शिलाई मारा. उद्या म्हणून गेल्या त्या आठवड्याने उगवल्या. हवा दमट होती. टाचण्या काढल्या तर कमरेभोवती तांबूस ठिपक्यांची रांग. गंजाचे डाग. बाईंनी जे तोंड सोडलं ते सांगण्यासारखं नाही. आम्ही गावात तोंड दाखवायच्या लायकीच्या नाही, इथपर्यंत गेल्या. मी हात जोडले, लिंबू लावून काढून देते म्हटलं, निघाले नाहीत तर कोट भरून देते म्हटलं.  वहिनी हातात काजाचं काम घेऊन खिडकीपाशी बसून राहिल्या.

बाई गेल्यावर माझं डोकं फिरलेलं होतं. आमच्याकडे टाचण्या गंजत नाहीत. टाचण्या चांगल्या आणायच्या, तेलाचा हात लावून ठेवायच्या, हे थोरल्या दिरांनी घालून दिलेलं वळण. मी पडद्याआड गेले. तिथे आरशाच्या खिळ्याला टाचण्यांची एक मोठी उशी टांगलेली असते. लाल मखमलीची, आत भुसा भरलेली, वहिनींनीच कधीकाळी शिवलेली. मी एकेक टाचणी उपसून बघितली. डोकं चकचकीत, खालचं अर्धं अंग तपकिरी. एक नाही, सगळ्याच तशा.

उशी दाबून बघितली. वरून कोरडी, पण आत दमट, जड. छत गळतंय का बघितलं, तर छत कोरडं ठणठणीत. मग उशी नाकाशी नेली. दवाखान्याचा वास आला. नुसता दवाखान्याचा म्हणून सोडून दिला असता, पण तो वास माझ्या ओळखीचा होता. दर रविवारी पेनाच्या टोकाला एक थेंब येतो आणि माझ्या बोटाला लागतो, त्याचा वास.

मी बाहेर आले आणि उशी त्यांच्या मांडीवर टाकली.

"वहिनी, ही ओली कशी?"

"ओली? नाही बाई." त्यांनी वर बघितलंच नाही.

"वास घ्या."

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. हात मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, "मी नाही घेत ती."

"काय नाही घेत?"

"सुई. उन्हाळा लागायच्या आधीच सोडली. पडद्याआड जाते आणि ह्याच्यात टोचते."

मी तिथल्या स्टुलावर बसले.  "का पण?"

"फोनवर आलं होतं. त्या सुईनं कॅन्सर होतो म्हणून. एक डॉक्टरच बोलत होता, पांढरा कोट घालून. मग मी औषधाच्या खोक्यातला कागद वाचला, त्यातही गळ्याच्या गाठींचं लिहिलंय. धाकटे, माझी आई कशी गेली ते तू पाहिलं नाहीस. मी पाहिलंय. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुला? तू जीव घेतला असतास माझा. आधीच दोन दिवस पाठ करून बसली होतीस."

"आणि फेकून द्यायचं सोडून उशीत कशाला टोचलीत?"

"पेन भरलेलं राहिलं असतं तर तुला कळलं असतं. डब्यात टाकताना उजेडात धरून बघतेस तू. आणि तिथे बेसिन कुठंय?"

मला हसूच आलं. एवढी भारी सुई, दुकानांत मिळत नाही म्हणून लोक वणवण फिरतात, आणि आमच्याकडे टाचण्यांची उशी ती घेऊन बसलीय. वहिनींनाही हसू आलं. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हसता हसता मी त्यांच्याकडे बघितलं. गळ्याशी कुडतं सुटलेलं, खांद्याची हाडं वर आलेली, मनगट माझ्या निम्म्याने.

"वहिनी," मी म्हटलं, "मग तुम्ही बारीक कशानं होताय?"

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून आधी गेलं.

"मला वाटलं, आधी घेतलेल्या सुयांचाच गुण असेल. राहत असेल अंगात."

"इतके महिने?"

"मला काय ठाऊक!" त्या चिडल्या. मग आवाज खाली आला. "लोक चांगलं म्हणत होते गं. उभ्या जन्मात मला कुणी चांगलं दिसतेस म्हटलं नव्हतं. तुझ्या दिरांनीसुद्धा नाही."

 मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि इतकी भीती वाटत होती की रागाचं काही चालत नव्हतं. मी शटर ओढलं. दिवसाढवळ्या, कामाच्या दिवशी, आतल्या कपड्यांचा ढीग तसाच टाकून आम्ही दवाखान्यात गेलो.

डॉक्टरबाईंना मीच सांगितलं. वहिनी जमिनीकडे बघत होत्या. मला वाटलं, बाई ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले.

"मी वजन बघून खूश होत होते," त्या म्हणाल्या. "साखर चढतेय म्हणून मात्रा वाढवत होते. औषध पोटात जातच नाहीये, तरी वजन उतरतंय आणि साखर चढतेय, हे मला माहीत असतं तर त्याच दिवशी तुमच्या पोटाचा स्कॅन करायला लावला असता."

वहिनी हळूच म्हणाल्या, "चुकलंच माझं."

"चुकलं माझंही. सुई घेताय ना, असं मी दर वेळी विचारत होते. तुम्ही मान हलवायचात आणि माझ्या दारात रांग असायची."

स्कॅन झाला. मग दुसरा, मोठ्या इस्पितळातला. तिथल्या लांब बोळात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही इतका वेळ काढला की तिथल्या झाडूवाल्या बाईने आपण होऊन वहिनींना पाठीला उशी आणून दिली. निकाल आला तो असा की स्वादुपिंडात गाठ आहे आणि तिची पिल्लं यकृतात गेलीत. शस्त्रक्रियेची वेळ टळली. औषधं देता येतील, त्याने थोडे दिवस मिळतील, थोडं सुसह्य होईल. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "केस जातील का?" बास, एवढंच.

वहिनींची औषधं सुरू झाल्यावर मी एकटी डॉक्टरबाईंकडे गेले. मला एकच विचारायचं होतं. "ही गाठ सुईनं झाली का? सुरुवातीला घेतली होती ना त्यांनी."

त्या लगेच नाही म्हणाल्या असत्या तर मी विश्वास ठेवला नसता. त्या म्हणाल्या, "तसं म्हणायला मला काही आधार दिसत नाही. अशी गाठ दोन-चार महिन्यांच्या औषधाने उगवत नाही, ती बहुधा आधीपासून आत होती. साखर चढणं हीच कदाचित तिची खूण असेल. गळ्याच्या गाठी उंदरांमध्ये दिसल्या म्हणून कागदावर तसा इशारा छापतात. माणसांत तसं ठामपणे सापडलेलं नाही, तरी ज्यांच्या घरात तो आजार आहे त्यांना आम्ही देत नाही. काही अभ्यास सांगतात की या औषधांमुळे काही कॅन्सर उलट कमी होतात, एखाद-दुसऱ्याची शंका अजून फिटलेली नाही. वीस वर्षांनी काय होईल, ते आज कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही."

"म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर."

"तुमच्या बाबतीत आड समोर दिसतोय," त्या म्हणाल्या. "तुमच्या पायाची बोटं आता कुठे जरा शुद्धीवर आलीत. विहिरीचा अजून नुसता संशय आहे."

मला ते पटलं. पटलं म्हणजे डोक्याला पटलं. घरी येताना मात्र मी बसमध्ये दोनदा गळा चाचपून बघितला.

घरी आले तर वहिनींच्या लेकीचा फोन. ती रडत होती आणि रडता रडता माझ्यावर ओरडत होती. "काकू, आईला ती सुई नको होती. तुम्ही हट्ट केलात. तुम्ही घ्यायला लावलीत!" मी काही म्हणायच्या आत तिने फोन ठेवला. मी तशीच चपला न काढता वर गेले.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी विचारलं, "लेकीला काय सांगितलंत?"

"सुईनं झालं म्हणून सांगितलं."

"आणि सुई घेतच नव्हतात, ते?"

"ते नाही सांगितलं."

"हे बरं आहे! चोर सोडून संन्याशाला फाशी. कावळा बसला आणि फांदी तुटली, तर कावळ्यालाच धरायचं? आणि कावळा आणणारी मी!"

"मग काय सांगू तिला?" त्या एकदम सरळ बसल्या. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्यांच्या आवाजात आलं. "तुझी आई आतून सडत होती आणि आरशापुढे उभी राहून झग्याला गिरक्या देत होती, असं सांगू? सांग ना, कसं सांगू?"

मी खाली बसले. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. वहिनींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात इतका हलका होता की मला आणखीच रडू आलं.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "धाकटे, माझं एक ऐक. तू ती सुई सोड. रविवारी घेऊ नकोस. माझी शपथ आहे तुला."

मी डॉक्टरबाईंचं सगळं त्यांना सांगितलं. उंदीर सांगितले, आड-विहीर सांगितली. त्यांनी ऐकलं नाही. "ते सगळं असू दे. एकाच घरातून दोघी नकोत. माझी शपथ आहे म्हणते ना."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. दुकानात बसायची आणि दुसऱ्यांच्या कमरा आत घेत राहायची. बँकेतल्या बाई कोट न्यायला आल्या. डाग बरेचसे निघाले होते. "तुमच्या जाऊबाई दिसत नाहीत? काय मस्त बारीक झाल्यात हो. कुठल्या मात्रेवर आहेत?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आजारी आहेत, कॅन्सर आहे. बाईंचा चेहरा पडला, मग त्यांचा हात आपोआप आपल्या कमरेकडे गेला. त्यांनी विचारलं नाही, पण विचारायचं होतं तेच, जे मी डॉक्टरबाईंना विचारलं होतं.  मी कोट कागदात गुंडाळून दिला.

शपथ मोडायची माझी हिंमत नव्हती आणि सुई सोडायचीही नव्हती. एक वाट उघड होती. खाली दुकानात घ्यायची आणि वर जाऊन सांगायचं, नाही घेतली. त्यांच्या जिवाला समाधान, माझ्या पायांना औषध. सोपं होतं. या घरातल्या बायकांना ते जमतंही चांगलं. मी रविवारी पेन हातात घेऊन टेबलापाशी उभी राहिले आणि मला स्वतःचीच किळस आली. लपवल्यामुळेच तर ही वेळ आली. मी माझा हेवा हसण्यात लपवला, त्यांनी पेन लपवलं, पाठीचं दुखणं आम्ही दोघींनी पट्ट्याखाली लपवलं. पुरे झालं.

मी पेन घेऊन वर गेले. वहिनी जाग्या होत्या. औषधाने तोंड आलं होतं, बोलायचं म्हणजे त्रास. मी पलंगाच्या कडेला बसले.

"वहिनी, मी ही घेणार आहे. तुम्ही शपथ घातलीत तरी घेणार. मला भीती वाटते, पण पायाची जास्त वाटते. आणि खाली चोरून घेऊन तुमच्याशी खोटं बोलायचं नाहीये मला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्या पाठीचे मणके कुडत्यातून दिसत होते. मी कुडतं वर केलं. पेन टेकवलं. दोन्ही हातांनी घट्ट धरलं. खटका दाबला, थांबले, काढलं.  खालून रस्त्यावरच्या गाड्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

मला वाटलं, आता या माझ्याशी बोलणार नाहीत. उरलेले सगळे दिवस बोलणार नाहीत. तरी मी उठले नाही. पेन मांडीवर घेऊन बसून राहिले.

बऱ्याच वेळाने भिंतीकडूनच आवाज आला. "दुखलं?"

"नाही."

"घाबरलीस?"

"हो."

 त्या हळूहळू, हाताने रेटा देत, माझ्याकडे वळल्या. वळताना धाप लागली, मी आधार दिला.

"लेकीला फोन लाव संध्याकाळी. मी सांगते तिला काय झालं ते. तुला उगाच बोलली."

"राहू दे वहिनी."

"राहू कशाला दे? मी आहे तोवर सांगते." त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, उजेडात धरलं, रिकामं झालंय का बघितलं आणि परत दिलं. "वजन करतेस ना?"

"दर आठवड्याला."

"एकदम उतरायला लागलं की मला सांग."

"सांगेन."

"मी नसले तर कुणालातरी सांग," वहिनी म्हणाल्या. "नुसती खूश होत बसू नकोस."